गेलेल्या वर्गमित्राची आणि संघसोबत्याची स्मृतिसभा: कोणते काम आधी, कोणते नंतर

शाळेत एका बाकावर बसलेला आणि मैदानावर एकाच संघातून खेळलेला मित्र गेल्याची बातमी येते आणि दोन दिवसांत जागा ठरते, फलक छापायला जातो, वक्त्यांची यादी तयार होते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की घरच्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही, फलकावरच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे आणि बोलायला उभ्या राहणाऱ्या नऊ जणांकडे मिळून सांगण्यासारखा एकच प्रसंग आहे. अशा सभा प्रेम कमी पडल्यामुळे बिघडत नाहीत. कामे उलट्या क्रमाने लागल्यामुळे बिघडतात.

घरच्यांना तो मुलगा, नवरा, वडील म्हणून माहीत असतो. वर्गातला आणि मैदानावरचा तो मात्र फक्त आपल्याला माहीत असतो, आणि तेवढी एक बाजू खरी, नेमकी आणि जपून ठेवता येईल अशा स्वरूपात त्यांच्या हाती देणे हे या सभेचे काम आहे. पुढचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत. सोयीसाठी सर्वत्र ‘तो’ लिहिले आहे. मैत्रिणीच्या बाबतीतही क्रम हाच राहतो.

टप्पा १: घरच्यांशी पहिले बोलणे

हे काम एकाच व्यक्तीने करावे, आणि ती व्यक्ती घरच्यांना निदान नावाने तरी माहीत असावी. एकाच घरी सहा मित्रांचे सहा फोन गेले, तर त्या लोकांना मृत्यूची हकिगत सहा वेळा सांगावी लागते.

पहिल्या फोनवर तारीख, जागा, कार्यक्रम यांपैकी काहीही ठरवू नये, फक्त विचारावे. उदाहरणार्थ: “वहिनी, मी आठवी ते दहावी त्याच्या वर्गात होतो आणि शाळेच्या संघात त्याच्याबरोबर सलामीला जायचो. आम्हा जुन्या मुलांना एकत्र बसून त्याची आठवण काढायची इच्छा आहे. तुम्हाला ते चालेल का, एवढेच आज विचारतो. उत्तर लगेच द्यायला हवे असे नाही.” यात आपण कोण हे पहिल्याच वाक्यात येते आणि नकार द्यायलाही जागा राहते.

होकार आल्यावर दुसऱ्या बोलण्यात चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: पूर्ण नाव ते कसे लिहीत असत, कोणते छायाचित्र लावलेले आवडेल, कोणता विषय काढू नये, आणि घरचे कोण येणार, त्यांत लहान मुले किंवा फार वयस्कर कोणी आहे का. मृत्यूच्या कारणाबद्दल घरच्यांनी आपणहून जेवढे सांगितले असेल तेवढेच आपल्याला माहीत आहे, असे धरून चालावे.

सावधान: नकार आला किंवा “आत्ता नको” असे उत्तर आले, तर सभा घेऊ नये. आठवणी गोळा करण्याचे काम मात्र थांबवण्याचे कारण नाही. त्या आठवणींची वही घरच्यांना वर्षभरानेही देता येते.

टप्पा २: तीन माणसे, तीन कामे

एकाने घरच्यांशी बोलावे, एकाने आठवणी आणि कागद गोळा करावेत, एकाने सभेची व्यवस्था पाहावी. यापेक्षा मोठी समिती करू नये, कारण मोठ्या समितीत प्रत्येकाला वाटते की ते काम दुसऱ्याने केले असेल. पैसे गोळा करायचे असतील तर हिशेब ठेवणारा आणि खर्च करणारा वेगवेगळा असावा. पहिल्या फोनपासून सभेपर्यंत निदान तीन आठवडे हातात ठेवावेत. घाई कोणालाच उपयोगाची नसते, त्याला तर नाहीच.

टप्पा ३: आठवणी गोळा करणे

सर्वाधिक वेळ इथे जायला हवा, आणि नेमका इथेच तो दिला जात नाही. सर्वसाधारण चूक अशी की सगळ्यांना एक संदेश जातो: “त्याच्याबद्दल चार शब्द लिहा.” त्यावर येणारी उत्तरे आधीच सांगता येतात. तो हसतमुख होता, मदतीला धावायचा, खेळाडू वृत्तीचा होता. हे खोटे नसते, पण ते कोणाही माणसाबद्दल लिहिता येते, आणि ते वाचून घरच्यांना नवे काहीच कळत नाही.

प्रश्न छोटा आणि जागेवर नेणारा असावा. तो वर्गात कोणत्या रांगेत बसायचा आणि शेजारी कोण होते? सामन्याआधी तो काय करायचा? हरल्यावर तो कोणाशी बोलायचा, की बोलायचाच नाही? त्याची कोणती वस्तू तुम्ही वापरली आहे? त्याने तुमच्याशी भांडण केले होते का, आणि ते मिटले कसे? अशा प्रश्नांना ‘हसतमुख’ हे उत्तर देताच येत नाही.

आमच्या संघाचा यष्टिरक्षक गेला त्या वेळी संघातल्या एका गोलंदाजाने प्रथम ‘खूप मोठा आधार होता’ एवढेच लिहून पाठवले होते. त्याला फोन करून “आधार म्हणजे नेमके कधी?” असे विचारल्यावर त्याने सांगितले की पहिल्याच सामन्यात त्याचे पहिले दोन चेंडू वाइड गेले. यष्टिरक्षकाने चेंडू परत फेकला नाही. तो खेळपट्टीभर चालत आला, चेंडू शर्टाला पुसला, याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “बुटाची नाडी बांध.” नाडी सुटलेली नव्हती. तरी हा खाली वाकला, उघडून पुन्हा बांधली आणि उठेपर्यंत श्वास जागेवर आला होता. हा प्रसंग पहिल्या संदेशाने मिळाला नसता. दुसऱ्या फोनने मिळाला.

कोणाला विचारावे, यातही चूक होते. जे नेहमी बोलतात त्यांचेच पुन्हा ऐकले जाते. यादी करताना राखीव खेळाडू, गुणलेखक, प्रशिक्षक, मैदानाची देखभाल करणारी व्यक्ती, प्रतिस्पर्धी संघातला कोणी, पुढच्या बाकावरची अबोल मुलगी आणि मधल्या काळात संबंध तुटलेला मित्र यांची नावे मुद्दाम घालावीत. राखीव खेळाडू सामना बाहेरून पाहत असतो, आणि त्याला दिसलेले बरेच काही आत खेळणाऱ्यांना दिसलेले नसते.

लिहायला कचरणाऱ्यांकडून आवाजी संदेश घ्यावा आणि तो आपण उतरवून काढावा. उतरवताना त्यांची बोली सुधारू नये.

टप्पा ४: फोनमधल्या आणि खात्यांमधल्या गोष्टी वेळेत वाचवणे

हे काम टप्पा ३ च्या बरोबरीने सुरू करावे, कारण यात मुदती आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारणपणे १२० दिवस निष्क्रिय राहिले की काढून टाकले जाते. गूगलचे वैयक्तिक खाते २ वर्षे वापरात नसेल तर त्यातील छायाचित्रांसह पुसले जाऊ शकते. ही दुसरी गोष्ट घरच्यांना कोणी सांगितलेलीच नसते. ती त्यांना हळूच सांगावी, आणि पासवर्ड मात्र कधीही मागू नये.

आपल्या फोनमध्ये त्याचे आवाजी संदेश असतील तर ते अ‍ॅपमध्येच न ठेवता वेगळे काढून दोन ठिकाणी साठवावेत. गटातील जुने बोलणे ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून बाहेर काढता येते, पण ते जसेच्या तसे कोणाकडेही पाठवू नये, कारण त्यात इतरांचेही खासगी बोलणे असते.

सावधान: फेसबुकवर त्याचे खाते स्मृतिखाते करण्याची विनंती मित्रांनी परस्पर करू नये. एकदा ते स्मृतिखाते झाले की त्यात कोणालाही लॉग-इन करता येत नाही, आणि घरच्यांना आतील काही हवे असेल तर तो मार्ग बंद होतो. हा निर्णय पूर्णपणे त्यांचा आहे.

जुनी छायाचित्रे फोनने टिपून पाठवण्याऐवजी शक्य तेथे स्कॅन करावीत. लहान आकाराच्या छापील प्रतीसाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवले तर ती मोठी करताना बरीच टिकते. संघाच्या सामूहिक छायाचित्रातून त्याचा नखाएवढा चेहरा कापून भिंतभर मोठा करू नये. तो ओळखू येत नाही, आणि शेजारी खांद्यावर हात ठेवून उभा असलेला कोण होता तेही जाते. पूर्ण छायाचित्र लावावे आणि तो कोणत्या रांगेत कितवा आहे ते खाली लिहावे. छायाचित्राच्या मागची बाजूही स्कॅन करावी, कारण वर्ष आणि नावे तेथेच लिहिलेली असतात.

टप्पा ५: पडताळणी

आठवण स्पष्ट आहे म्हणून ती बरोबर आहे असे नसते. १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी आपल्याला कशी समजली हे लिहून घेतले. काही वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांची उत्तरे मूळ नोंदीशी एकाही मुद्द्यावर जुळली नाहीत, आणि चुकणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. शाळा सोडून वीस-तीस वर्षे झालेल्या आपल्यासारख्यांनी यातून आपला हिशेब करावा.

आमच्याकडे पाच जणांनी ठामपणे सांगितले होते की अंतिम सामना त्या यष्टिरक्षकाने शेवटच्या चेंडूवर घेतलेल्या झेलाने जिंकून दिला. गुणलेखकाने माळ्यावरून वही काढली. त्या फलंदाजापुढे झेल नव्हे, यष्टिचीत लिहिलेले होते. चेंडू षटकाचा दुसरा होता आणि सामना त्यानंतरच्या षटकात संपला. यष्टिचीतचा बळी गोलंदाजाच्याही नावावर असल्याने सर्वांच्या बोलण्यातून गळालेला तो फिरकी गोलंदाज त्या एका ओळीमुळे परत आला, आणि सभेत घरच्यांनी स्वतः त्याला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.

प्रत्येक प्रसंगासाठी तीन गोष्टी तपासाव्यात: कोणते वर्ष आणि कोणती इयत्ता, त्या वेळी तेथे आणखी कोण होते, आणि दुसऱ्या एका साक्षीदाराला ते तसेच आठवते का. दोघांच्या सांगण्यात फरक पडला आणि कागद मिळाला नाही, तर धावा, क्रमांक, तारखा गाळाव्यात आणि वागण्याचा भाग ठेवावा.

तपासा: नाव, जन्मवर्ष, शाळेतील वर्षे, संघातील स्थान आणि जर्सीचा क्रमांक एका कागदावर लिहून घरच्यांना वाचून दाखवले आहेत का? फलक त्यानंतरच छापायला द्यावा.

टप्पा ६: काय ठेवायचे, काय वगळायचे

समोर त्याची आई, बायको आणि मुले बसली आहेत असे समजून प्रत्येक प्रसंग मोठ्याने वाचावा. वाचताना जिथे आवाज आपोआप खाली जातो तो भाग वगळावा. शाळेतली प्रेमप्रकरणे, उसने पैसे, दारूच्या गमती, मधल्या काळातले वाद आणि आजारपणाचे बारकावे यांना सभेत जागा नाही. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर त्याची पद्धत, जागा आणि कारणांचे तर्क पूर्णपणे टाळावेत. घरच्यांची संमती असली तरीही पद्धत सांगू नये, कारण ऐकणाऱ्यांत कोण कोणत्या मनःस्थितीत बसले आहे हे आपल्याला दिसत नाही.

टोपणनावाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. एका सभेत मी स्वतः ही चूक केली. वर्गात आम्ही ज्याला सर्रास ज्या नावाने हाक मारत होतो ते मी सवयीने उच्चारले, जुनी मुले हसली आणि सभा संपल्यावर त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने येऊन विचारले, “काका, बाबांना असे का म्हणायचे?” ते नाव त्याच्या अडखळत बोलण्यावरून पडले होते. मला तिला उत्तर देता आले नाही. ज्या नावाचा उगम मुलांसमोर सांगता येत नाही, ते नाव वापरू नये.

विनोदाला बंदी नाही. उलट नेमका हसू आणणारा प्रसंग घरच्यांना फार हवा असतो. अट इतकीच की हसू त्याच्या खोडीवर यावे, त्याच्या उणिवेवर नव्हे.

टप्पा ७: भाषण लिहिणे

उत्स्फूर्त बोलणारे लोक अशा प्रसंगी हमखास लांबतात आणि बहुतेक वेळा स्वतःबद्दल बोलू लागतात, म्हणून भाषण लिहूनच काढावे. सभेत ऐकू जाईल अशा सावकाश गतीने मराठी मजकूर मिनिटाला साधारण १०० शब्द जातो. पाच मिनिटांसाठी ५०० शब्द पुरे आहेत. घड्याळ लावून दोनदा वाचून पाहावे, कारण प्रत्यक्षात आणखी वेळ लागतो.

सुरुवात प्रसंगाने करावी. “आज अत्यंत जड अंतःकरणाने” हे सगळ्यांना माहीत आहे. ‘अजातशत्रू’, ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’, ‘नियतीचा क्रूर घाला’ हे शब्द लेखणीतून उतरले की तेथे थांबून स्वतःला विचारावे की मला याऐवजी नेमके काय आठवत होते, आणि ते लिहावे. बहुधा काहीतरी आठवत असते. शब्द तयार मिळाल्यामुळे ते मागे पडलेले असते.

‘तो’ म्हणायचे की ‘ते’, हा प्रश्न मराठीत सुटत नाही तोवर भाषण डळमळते. तो पुढे मोठ्या पदावर गेला असेल आणि समोर त्याचे सहकारी बसले असतील, तर वक्ता ‘तो’ने सुरू करून मध्येच ‘ते’वर जातो आणि परत येतो. वर्गमित्राने ‘तो’ म्हणावे आणि शेवटपर्यंत ‘तो’च ठेवावे, हवे तर पहिल्या वाक्यात सांगून टाकावे की मैदानावर आम्ही त्याला अरे-तुरेच करत होतो. निमंत्रणावर आणि फलकावर मात्र आदरार्थी रूप असावे.

भाषणातली ‘मी’ने सुरू होणारी वाक्ये मोजावीत. वाक्ये ‘मी’ने सुरू होण्यात गैर नाही, ती ‘मी’वरच संपत असतील तर ती काढावीत.

कागद एका बाजूने, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून छापावा आणि पानांवर क्रमांक घालावेत, कारण थरथरत्या हातातून पाने पडतात. दुसरी प्रत आधी ठरवलेल्या मित्राकडे असावी. आवाज भरून आला तर माफी मागू नये. थांबावे, पाणी प्यावे, ओळीवर बोट ठेवून पुढे वाचावे. दुसऱ्यांदा थांबावे लागले तर मित्राने उठून उरलेला भाग वाचावा, आणि हे आधी ठरलेले असेल तर कोणालाच ते अवघड वाटत नाही.

टप्पा ८: सभेच्या दिवशीचा क्रम

एक तासापेक्षा जास्त वेळ ठेवू नये. आधी स्वागत आणि दोन मिनिटांत त्याचा परिचय, मग मौन, मग चार किंवा पाच वक्ते, मग घरच्यांपैकी कोणाला बोलायचे असल्यास ते, आणि शेवटी चहापाण्याच्या वेळी मोकळे बोलणे. मौन शेवटी ठेवले तर लोक त्यानंतर न बोलता निघून जातात, आणि घरच्यांना भेटणे राहून जाते.

एक मिनिट मौन म्हणजे घड्याळाने साठ सेकंद. अंदाजाने ते पंचवीस सेकंदांत उरकते. घड्याळ पाहणारा एक जण नेमावा, आणि मौन संपल्याचे त्याने एका स्पष्ट वाक्याने सांगावे. नाहीतर कोणी बसते, कोणी उभेच राहते. घरच्यांना बोलण्याचा आग्रह करू नये, आणि माइक त्यांच्यासमोर नेऊन धरू तर मुळीच नये.

जर्सीचा क्रमांक निवृत्त करण्याची घोषणा हौसेने होते. व्यावसायिक खेळात तसे झालेले आहे: क्रिकेटपटू फिलिप ह्यूज २०१४ मध्ये गेल्यावर ऑस्ट्रेलियाने त्याचा एकदिवसीय सामन्यांतला ६४ क्रमांक पुन्हा कोणाला दिला नाही, आणि २०१८ मध्ये इटलीचा फुटबॉलपटू दाविदे अस्तोरी गेल्यावर फिओरेंतिना आणि काल्यारी या तिथल्या दोन्ही क्लबांनी १३ क्रमांक थांबवला. ते निर्णय क्रमांक देणाऱ्या संस्थांनी घेतले होते. शाळेच्या संघाचा क्रमांक माजी खेळाडूंच्या मालकीचा नसतो. सध्याच्या प्रशिक्षकांशी आधी बोलणे झालेले नसेल, तर त्या दिवशी हा विषय काढू नये.

वार्षिक पारितोषिक किंवा स्मृतिचषकाची घोषणाही त्या दिवशी टाळावी. पाचव्या वर्षी चषक कोण विकत घेणार, सामने कोण भरवणार, याची नावे कागदावर आली की मग घोषणा करावी. दोन वर्षे चालून बंद पडलेला स्मृतिचषक घरच्यांना पुन्हा दुखावतो.

टप्पा ९: नंतर

पंधरा दिवसांच्या आत सगळ्या तपासलेल्या आठवणी एका वहीत लावून घरच्यांना द्याव्यात. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचे नाव, त्याचे वर्गातले किंवा संघातले स्थान आणि वर्ष असावे. भाषणांत न बसलेले प्रसंग या वहीत येतात, म्हणून सभेत वेळ मिळाला नाही असे कोणाला वाटायचे कारण राहत नाही. छापील वहीबरोबर आवाजी संदेश आणि छायाचित्रे वेगळ्या पेनड्राइव्हवर द्यावीत. उधार आणलेली छायाचित्रे आणि गुणवही ज्यांची त्यांना परत करावीत. आमच्याकडे एक छायाचित्र परत जायचे राहिले आणि वर्षभर ते कोणाकडे आहे हेच कळले नाही. आणताना मागे पेन्सिलने हलकेच मालकाचे नाव लिहिले असते तर ते राहिले नसते.

शेवटचे काम त्याच दिवशी फोनमध्ये नोंदवून ठेवावे: त्याचा पुढचा वाढदिवस, आणि मृत्यूनंतरच्या अकराव्या महिन्यातली एक तारीख. सभेनंतरच्या आठवड्यात घरी खूप फोन जातात आणि तिसऱ्या महिन्यापासून ते थांबतात. ज्याने पहिला फोन केला होता त्यानेच हेही दोन फोन करावेत, आणि वही दिल्यानंतर आलेली एखादी नवी आठवण असेल तर ती वाचून दाखवावी.